टोळ्यांचं बोलतं पान

पिरिहिराचा आवाज पिओपिओ गावात आणि आसपासच्या सगळ्या खोऱ्यांत ओळखीचा होता. तिच्या पाच टोळ्या होत्या, मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या, आणि हंगामात त्या पाचही ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चालवायची. समोर दोन फोन, बाजूला चहाची किटली. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, बाई आता धंदा विकणार. तिने विकला तर नाहीच, उलट दोनाच्या पाच टोळ्या केल्या.

उजाडायच्या आत तिचे शेतकऱ्यांना फोन सुरू व्हायचे. "मरी, रात्री पाऊस पडला का रे तुझ्याकडे? मेंढ्या छपराखाली घेतल्यास की ठेवल्यास भिजत?" ओली मेंढी कातरायची नाही, हा नियम. कातरणाऱ्याचे सांधे धरतात आणि लोकरही गठ्ठ्यात सडते. त्यामुळे एका शेतावर सर आली की तिथली टोळी दुसरीकडे वळवायची, दुसरीकडची तिसरीकडे, आणि त्यांच्या मागोमाग जेवणाच्या गाडीलाही सांगायचं. हे सगळं पिरिहिरा तोंडाने करायची. रागावणं, चुचकारणं, थट्टा, दटावणी, सगळं एकाच फोनमध्ये. टोळ्यांतली निम्मी माणसं नात्यातली, पण नातं असो नसो, सगळे तिला आंटीच म्हणायचे.

त्या वर्षी ऐन हंगामाच्या तोंडावर तिचा घसा बसला आणि तसाच बसून राहिला. हॅमिल्टनच्या डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ होती. साधीच, पण काढायला हवी. आणि काढल्यावर काही आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही.

"हंगाम संपला की करू," पिरिहिरा म्हणाली.

"हंगाम संपेपर्यंत थांबलात तर आवाजही संपेल," डॉक्टर म्हणाले.

तिचा मुलगा तूरोआ शेजारीच बसला होता. "डॉक्टर, तिला गप्प बसवणं सोडून दुसरा काही इलाज नाही का? हा जरा अवघड दिसतोय."

घरी परतताना मात्र गाडीत कोणी थट्टा केली नाही. तूरोआ स्वतः एका टोळीत कातरायचा. दिवसभर हातात यंत्र आणि मांड्यांत मेंढी, तो फोन कुठून घेणार? राहता राहिली सून, सिनालेई. ती ऑकलंडची. आईबाप सामोआहून आलेले. ऑकलंडच्या एका कंपनीचं काम ती घरी बसून करायची, सगळं संगणकावर. पिरिहिराला ती आवडायची, पण तिचं काम नेमकं काय हे तिला कधी उमगलं नव्हतं. बोटं हलतात आणि महिन्याला पगार येतो, एवढं दिसायचं.

दोन वर्षांपूर्वी सिनालेईने टोळ्यांसाठी एक पान बनवून दिलं होतं. फोनवर उघडायचं. उद्या कुठली टोळी कुठल्या शेतावर, कोण कोण जाणार, जेवण कोणाकडून, सगळं त्यावर दिसायचं. माणसं ते पान बघायची आणि मग पिरिहिराला फोन करून विचारायची, "आंटी, पानावर हाल्डेनचं शेत लिहिलंय. अजून हाल्डेनच ना?"

"तुझं पान म्हणजे शाळेतला सूचनाफलक आहे गं पोरी," पिरिहिरा तेव्हा म्हणाली होती. "छान आहे. पण फलकाला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि तोही कोणाला विचारत नाही."

मध्यंतरी तूरोआने फोनवर सगळ्यांचा एक गट काढून पाहिला होता. आठवडाभरात त्यात बाळांचे फोटो, रग्बीची भांडणं आणि कोणाच्या तरी हरवलेल्या कुत्र्याची चौकशी एवढंच उरलं. कामाचा निरोप त्यात कुठे बुडाला ते शोधत बसावं लागायचं.

आता सिनालेई म्हणाली, "आई, मी त्या पानालाच बोलायला शिकवते. तू लिहिलंस की त्या क्षणी समोरच्याला दिसेल, त्याने लिहिलं की तुला. पान परत परत उघडायला नको. आणि प्रत्येक निरोप त्या त्या टोळीला आणि शेताला चिकटलेला राहील."

"ऑपरेशन दहा दिवसांवर आहे."

"माहितीये."

नंतरचे काही दिवस सिनालेई पहाटे येऊन नुसती टेबलाशी बसली. हातात चहा, तोंडातून शब्द नाही. पिरिहिरा फोनवर फोन करत होती आणि मनात म्हणत होती, हिला काम करायचंय की माझं तोंड बघायचंय? चौथ्या दिवशी तिने विचारलंच.

"ऐकतेय," सिनालेई म्हणाली. "आई, तुला माहितीये का, तू प्रत्येक फोन संपवायच्या आधी म्हणतेस, काय सांगितलं ते परत सांग. प्रत्येक फोन."

"मग? माणसं हो हो म्हणतात आणि भलतीकडे जातात."

"तेच तर मला हवं होतं."

मग ती कामाला लागली. पहिला प्रयोग राविरीच्या टोळीवर झाला. राविरी पिरिहिराच्या चुलत बहिणीचा मुलगा, तिच्या सगळ्यात जुन्या टोळीचा म्होरक्या. आडदांड, कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ. दुपारी त्याचा फोन आला. "वहिनी, तुझं पान माझ्या फोनचं रक्त पितंय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बॅटरी गार. आणि निरोप येतोय तो मेंढीच्या चालीने."

सिनालेईने पिरिहिराला समजावून सांगितलं. पान दर थोड्या वेळाने सर्व्हरचं दार ठोठावत होतं, काही आलंय का, काही आलंय का. बहुतेक वेळा काहीच आलेलं नसायचं. फुकटचे हेलपाटे. "आता मी दार उघडंच ठेवणार. एकदा जोडणी झाली की ती तशीच राहील. ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, ह्या बाजूने किंवा त्या बाजूने."

"मग काल केलेलं?"

"ते टाकून दिलं."

पिरिहिरा तिच्याकडे बघत राहिली. एवढं जागून केलेलं काम ही एका चहाच्या वेळात मोडीत काढते, चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही. तिने आयुष्यभर चांगले कामगार पाहिले होते. जातिवंत कातरणारा असाच असतो. यंत्राची धार गेलेली फणी तो कुरकुरत घासत बसत नाही, काढतो आणि दुसरी लावतो. सुनेच्या कामात ओळखीचं काहीतरी दिसण्याची पिरिहिराची ही पहिली वेळ.

एक दिवस सिनालेई कातरणीच्या शेडमध्ये जाऊन आली. परत आली ती केसांत लोकर आणि अंगाला मेंढ्यांचा वास घेऊन. "आई, त्यांचे हात बघितलेस? लोकरीच्या तेलाने मेणचट. फोनच्या काचेला बोटच कळत नाही." दुसऱ्या दिवशी पानावरचं "ऐकलं" हे बटण अर्ध्या पडद्याएवढं झालं. राविरीने ते कोपराने दाबून दाखवलं, मग नाकाने.

ऑपरेशन नीट पार पडलं. पिरिहिरा घरी आली आणि पहिल्याच पहाटे टेबलाशी बसली, दोन्ही फोन उचलून बाजूच्या कपाटात ठेवले आणि सिनालेईने लावून दिलेल्या मोठ्या पडद्यासमोर चष्मा सरसावला. पाच टोळ्या, पाच रकाने. एका बोटाने टाइप करत तिने लिहिलं, "राविरी. उठलास का?"

लगेच खाली उमटलं, "उठलोय आंटी."

"खोटं. बायको उठलीये, तू अजून लोळतोयस."

जरा वेळाने आलं, "हे पानावर दिसतं का?"

पिरिहिराला हसू फुटलं, आणि घसा दाबून धरून तिला ते गिळावं लागलं.

त्या पानाची एक गंमत मात्र कोणी ठरवून केली नव्हती. एक जण लिहायला लागला की दुसऱ्याला तीन ठिपके हलताना दिसायचे. सगळीकडे असतात तसे म्हणून सिनालेईने घातले होते. पण पिरिहिरा लिहायची एका बोटाने, सावकाश, त्यामुळे ठिपके हलतच राहायचे. शेडमध्ये कोणाची बाचाबाची चालली असली आणि पडद्यावर "आंटी लिहीत आहे" असं आलं की सगळे चिडीचूप. तूरोआने घरी येऊन सांगितलं, "आई, तू बोलायचीस तेव्हा निदान काय येणार ते लगेच कळायचं. हे ठिपके म्हणजे छळ आहे."

पहिला आठवडा बरा गेला. मग ती सकाळ आली. हाल्डेनकडे पाऊस झाला होता आणि पिरिहिराने राविरीला लिहिलं, "हाल्डेन ओलं. आरियाला जा." पडद्यावर खूण उमटली, "गेला." ती पुढच्या टोळीकडे वळली. पण राविरीची गाडी तेव्हा घाटात होती आणि तिथे रेंज नव्हती. टोळी सगळा घाट उतरून हाल्डेनच्या दारात जाऊन उभी राहिली. मेंढ्या चिंब. आरियाचा शेतकरी तोवर वाट बघून शिव्या देत होता.

संध्याकाळी राविरी थेट स्वयंपाकघरात आला. "आंटी, आठ माणसांचा अर्धा दिवस गेला. फोन केला असतास तर..." आणि मग त्याला आठवलं की ती फोन करू शकत नाही. राग मात्र होताच. पिरिहिराने बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. आपलं घर, आपला धंदा, आणि आपल्याला आपली बाजू मांडता येत नाही, ह्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राविरीने ते पाहिलं आणि तो टोपी काढून खुर्चीत बसला.

सिनालेई आतल्या खोलीतून आली. "आईची चूक नाही. माझी आहे. 'गेला' लिहिलं होतं ते फक्त आमच्या सर्व्हरपर्यंत गेला म्हणून. तुझ्या फोनची जोडणी तुटली होती आणि दोन्हीकडे कोणाला ते कळलं नाही. पान समजत होतं की तू ऐकतोयस."

"म्हणजे मेलेल्या माणसाशी गप्पा मारल्यासारखं."

"हो, तसंच."

"बरं, मग काय करणार?" राविरी म्हणाला.

पिरिहिराने पडद्याकडे वळून एका बोटाने लिहिलं. ठिपके हलत राहिले आणि दोघं निमूट वाट बघत राहिले. "फोनला पोचलं म्हणजे माणसाला पोचलं असं नाही. दोन्ही वेगवेगळं दिसू दे."

सिनालेईने ते दोनदा वाचलं. "हो," ती म्हणाली. "बरोबर. दोन्ही वेगवेगळं."

त्यानंतरचं काम पिरिहिराने शेजारी बसून पाहिलं. आता तिला थोडं कळायलाही लागलं होतं. दोन्ही टोकं एकमेकांना मधूनमधून हळूच विचारणार, आहेस का, आणि उत्तर आलं नाही तर फोन आपणहून पुन्हा जोडणी करणार. जोडणी झाली की आधी विचारणार, मी नव्हतो तेव्हा काय काय झालं? आणि राहिलेलं सगळं क्रमाने घेणार. निरोप लिहिला की करडा. त्या फोनवर पोचला की निळा. माणसाने "ऐकलं" दाबलं की हिरवा. रेंज नसताना कोणी लिहिलं तर ते त्याच्या फोनमध्येच थांबणार, आणि रेंज आली की सुटणार, तेही एकदाच; चुकून दोनदा गेलं तरी समोर एकदाच दिसणार. सिनालेई एकेक गोष्ट करायची आणि मग मुद्दाम मोडून बघायची. फोन विमानात बसल्यासारखा बंद करायची, सर्व्हर पाडायची, एकच निरोप धडाधड पाठवायची. तूरोआ एकदा म्हणाला, "तू बांधतेयस की तोडतेयस?"

"मी नाही तोडलं तर मोकाऊचं बिनरेंजचं खोरं तोडेल," ती म्हणाली, मान वर न करता.

तिच्या कामाची खरी परीक्षा ख्रिसमसच्या आधीच्या एका सकाळी झाली. रात्रभर सरी येत जात होत्या, इथे पडला, तिथे नाही, टेकडीच्या ह्या अंगाला चिंब आणि त्या अंगाला कोरडं ठक्क. पिरिहिरासाठी असा दिवस म्हणजे पूर्वी सकाळभर ओरडणं. ती पडद्यासमोर बसली. सिनालेईने तिच्या स्वतःच्या कामावरून सुट्टी घेतली होती आणि ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिच्या संगणकापाशी होती.

शेतकऱ्यांनाही आता पानावर घेतलं होतं. मरी हाल्डेनला असल्या गोष्टींचा तिटकारा, पण त्याची बायको व्हर्ना लिहायची. तिचा निरोप सगळ्यात आधी आला. "काल संध्याकाळीच मेंढ्या आत घेतल्या. कोरड्या आहेत. मरी म्हणतो हे पिरिहिराला सांग, त्या मशीनला नको."

दोन टोळ्यांकडून एकदमच आलं, "ओल्या." पिरिहिराने एकीला हाल्डेनकडे वळवलं. करडा, निळा, हिरवा. दुसरीला लिहिलं, "थांबा." हिरवा. तिसऱ्या टोळीने लिहिलं की काल उरलेल्या मेंढ्या लवकरच संपतील, पुढे कुठे? तिला "थांबा"वाल्यांचं दुपारचं शेत दिलं आणि थांबलेल्यांना वरच्या शेतावर धाडलं, जिथे रात्रभर थेंब नव्हता. जेवणाच्या गाडीला एकच ओळ, आणि स्वयंपाकीण बाईचं उत्तर, "मटण आरियाला गेलंय, हाल्डेनकडे सँडविच. आवडेल त्याने खावं." सगळं पाचही रकान्यांतून एकाच वेळी वाहत होतं आणि पिरिहिरा एका बोटाने ते वळवत होती. फोनवर एकाशी बोलताना बाकीचे ताटकळायचे. इथे कोणी ताटकळत नव्हतं.

फक्त डार्सीचा रकाना करडा होता. डार्सी चौथ्या टोळीची म्होरकी, गोरी, लाल केसांची, कमी बोलणारी. तिची गाडी मोकाऊच्या खोऱ्यात शिरली होती. पिरिहिराने लिहिलेले तीन निरोप तसेच पडून होते. मग रेडिओवर सांगितलं की त्याच रस्त्यावर दरड आली आहे.

पिरिहिराचा हात कपाटातल्या फोनकडे गेला. सिनालेईने तो हळूच धरला. "आई, रेंज नाही तिथे फोनही लागणार नाही. पान तिला शोधतंय. रेंज मिळाली की पहिल्या झटक्यात जोडेल."

पिरिहिरा बसली. बाकीच्या चार रकान्यांत निरोप येत राहिले आणि तिने ते नेटाने हाताळले, पण दर ओळीनंतर नजर चौथ्याकडे. टोळीत सात माणसं, त्यांतल्या एकीला ती तिच्या जन्मापासून ओळखत होती.

आणि मग तिन्ही करडे निरोप एकदम निळे झाले. त्यांच्या खाली डार्सीच्या ओळी एकामागून एक उतरल्या, तिने लिहिल्या त्याच क्रमाने, प्रत्येकीसमोर तिने लिहिली ती वेळ. "पुढे दरड आहे. आम्ही अलीकडेच थांबलो." "सगळे ठीक." "मागे फिरतोय, वरच्या रस्त्याने." "इथे कोणाला रेंज नाही, मी तरी लिहून ठेवतेय." "आंटी घाबरली असेल." आणि मग निळे हिरवे झाले.

पिरिहिराने चष्मा काढला आणि पुसला. मग लिहिलं, "घाबरले नव्हते. हळू ये."

चहाच्या सुट्टीपर्यंत पाचही टोळ्या कोरड्या मेंढ्यांवर होत्या. तेव्हा कुठे पिरिहिराच्या लक्षात आलं की घरात आवाजच नाही. घड्याळ टिकटिकतंय, फ्रिज घरघरतोय. एवढी मोठी सकाळ पार पडली आणि ह्या खोलीत कोणी ओरडलं नाही. टेबलाच्या त्या टोकाला सिनालेई गार झालेला चहा पीत होती. तिच्या पडद्यावर नुसत्या ओळी सरकत होत्या, कोण जोडलं, कोण तुटलं, कोण परत आलं, आणि ती त्यांना हात लावत नव्हती, फक्त बघत होती. आपण बांधलेलं आपल्याशिवाय चालतंय का, हे बघणाऱ्या माणसाची नजर. ही मुलगी दोन वर्षं ह्या घरात वावरली आणि आपण तिला बोटं हलवणारी समजत होतो, पिरिहिराला वाटलं.

ती उठली, टेबलाला वळसा घालून गेली, सिनालेईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्या लोकांत जिवलगांना भेटतात तशी कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावून उभी राहिली. बराच वेळ.

"आई, चहा सांडेल," ती म्हणाली.

हंगाम संपला. पिरिहिराचा आवाज परत आला, पण तोच नाही; बारीक, जरा फाटका, आणि लवकर थकणारा. मराएवर, म्हणजे जमातीच्या सभास्थानी, पाहुण्यांना साद घालायचं काम तिने बहिणीच्या मुलीला दिलं आणि त्याचं दुःख तिने दोन दिवस कोणाशी न बोलता केलं. टोळ्यांना फोन करायला ती परत लागली नाही. शेजारच्या खोऱ्यातल्या दोन कंत्राटदारांनी त्या पानाबद्दल विचारलं, तर म्हणाली, "माझ्या सुनेला विचारा. काम तिचं आहे. आणि घासाघीस करू नका, मला कळेल."

शेवटच्या मेंढीनंतर दरवर्षीप्रमाणे हांगी घातली. तापल्या दगडांवर मटण आणि कुमरा नावाची रताळी पुरून सगळ्या टोळ्या अंगणात बसल्या. हाल्डेन नवराबायकोही आली. जेवणाआधी पिरिहिराला चार शब्द बोलायचे होते, आणि ती उभी राहिली तेव्हा ऐकायला सगळ्यांना पुढे सरकावं लागलं.

"तुम्हाला वाटत असेल आंटी गप्प होती म्हणून ह्या वर्षी मजा झाली," ती म्हणाली. "माझं सगळं लिहिलेलं आहे. कोण केव्हा उठला तेसुद्धा." हशा झाला. तो ओसरू देऊन ती म्हणाली, "मी चांगले हात ओळखते. तीस वर्षं तेच केलं. घाई न करता वेगाने चालणारे, चुकलं तर चुकलं म्हणणारे, आणि दुसऱ्याचा घाम वाचवणारे. तसले हात माझ्या घरातच होते आणि मला ते ह्या वर्षी दिसले. सिना, उभी राहा."

सिनालेई उभी राहिली आणि मान खाली घालून म्हणाली, "आई, ते पान अजून पुरतं झालेलं नाही. घाटातल्या वळणावर अजून अडकतं."

"ऐकलंत?" पिरिहिरा टोळ्यांकडे वळून म्हणाली. "मी हिचं कौतुक करतेय आणि ही मला काय उरलंय ते सांगतेय."

राविरीने तिला ताट भरून आणून दिलं, सगळ्यांच्या आधी, आणि डार्सीने सरकून आपल्या बाकावर तिला जागा केली.